सुरीची मूठ बेल्ट ग्राइंडरवर घडवताना दोन्ही बाजू सारख्या कशा ठेवाव्यात?

नवी धार यांचा प्रश्न

नमस्कार. गेले दीड वर्ष मी घरामागच्या शेडमध्ये स्वयंपाकाच्या सुऱ्या बनवतो आहे. पात्याचे काम आता बऱ्यापैकी जमू लागले आहे. पाणी देताना पाते वाकत नाही आणि धारही एकसारखी येते. मूठ मात्र दर वेळी मनासारखी होत नाही आणि नेमके कुठे चुकते, हे मला स्वतःला उमगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पाते १८० मिलिमीटर लांबीचे आहे, पोलाद अडीच मिलिमीटर जाडीचे आहे, आणि टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, मुठीच्या पूर्ण लांबीरुंदीचा ठेवलेला आहे. त्याच्या दोन्ही अंगांना शिसवाच्या १० मिलिमीटर जाडीच्या फळ्या दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवून ६ मिलिमीटरच्या तीन पितळी पिना ठोकल्या आहेत. ग्राइंडर ५० बाय १८३० मिलिमीटरच्या बेल्टचा आहे. त्याला १ अश्वशक्तीची, मिनिटाला २८८० फेऱ्यांची एकफेज मोटर आणि तिच्याच शाफ्टवर १०० मिलिमीटरचे चालक चाक बसवलेले आहे. वेग कमीजास्त करण्याची सोय नाही.

मूठ घासून झाल्यावर मोजली, तेव्हा टँगपासून उजवी फळी साडेसात आणि डावी नऊ मिलिमीटर भरली. मधल्या पिनेभोवती काळपट कडे उमटले असून पुढच्या टोकाशी लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये नखाच्या कडेएवढी फट दिसते. गोलाई दिव्याखाली धरली, की पृष्ठभागावर लाटा उठल्यासारखे दिसते. शिवाय हात ओला असला की सुरी मुठीत फिरते, आणि ही तक्रार घरातूनच आली आहे. मी चारही कडा सैल बेल्टवर, म्हणजे मागे आधार नसलेल्या भागावर, सरळ गोल करत जातो. ही पद्धतच चुकीची आहे का? अनुभवी मंडळींनी कामाचा क्रम सांगितला तर फार मदत होईल.

कानस यांचा प्रतिसाद

चारही कडा सरळ गोल करत जातो, या तुमच्या वाक्यातच बहुतेक उत्तर आहे. गोलाई ही मुठीची शेवटची पायरी आहे आणि तुम्ही तिच्यापासून सुरुवात करता. एकदा कड गोल झाली, की तिच्यावर मोजण्यासारखे काही उरत नाही. सपाट पैलूची रुंदी मात्र डोळ्याला दिसते, बोटाला लागते आणि पट्टीने मोजताही येते. म्हणून मूठ आधी पैलूदार करायची आणि मग पैलू मोडत गोलाईपर्यंत जायचे.

तरीही खरी सुरुवात चिकटवण्याच्या आधी होते. दोन्ही फळ्यांची पुढची टोके, जी पात्याच्या बाजूला येतात, ती नंतर पात्यावर ओरखडे न पाडता घासता येत नाहीत. म्हणून त्या फळ्या सुक्याच पिनांवर एकत्र बसवाव्यात, दोन्हींची टोके एकदमच घासून त्यांना हवा तो उतार द्यावा आणि ४०० नंबरच्या कागदापर्यंत गुळगुळीत करूनच चिकटवायला घ्याव्यात. एकत्र घासल्यामुळे दोन्ही टोके आपोआप एका रेषेत येतात. तिथे एक मिलिमीटरचा फरक असला, तरी वरून पाहताना मूठ कायमची तिरपी वाटते.

चिकटवून झाल्यावर प्रथम बाजूने दिसणारी आकृती पूर्ण करावी, म्हणजे पाठ आणि पोट यांच्या रेषा. या वेळी पोलाद आणि लाकूड एकाच वेळी घासले जाते. पोलाद सावकाश झिजते आणि लाकूड भराभर, त्यामुळे बेल्ट नवा आणि मागे पक्का आधार असलेलाच हवा. सैल बेल्टवर हे केले, तर टँग मधोमध वरंब्यासारखा उभा राहतो. ६० नंबरच्या सिरॅमिक बेल्टने हे काम होते.

त्यानंतर वरून दिसणारी आकृती, म्हणजे जाडीचा चढउतार. तुमच्या मापाच्या सुरीला मी पुढे १५, तळहाताच्या फुगवट्यावर साडेअठरा, कंबरेत १६ आणि बुडाशी १९ मिलिमीटर ठेवीन. अडीच मिलिमीटरचा टँग वजा केला, की प्रत्येक फळीच्या वाट्याला अनुक्रमे सव्वासहा, आठ, पावणेसात आणि सव्वाआठ मिलिमीटर येतात. हीच मापे फळीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर टँगपासून मोजून पेन्सिलीने आखावीत. पूर्ण टँगच्या सुरीत हे एक मोठे सुख आहे, की मध्यरेषा पोलादाची असते आणि ती हलत नाही.

मग ४५ अंशांचे पैलू. फळीच्या सपाट अंगावर कडेपासून ५ मिलिमीटरवर एक रेघ आणि पाठीवरही कडेपासून ५ मिलिमीटरवर एक रेघ ओढून, त्या दोन रेघांमधले लाकूड प्लेटनवर, म्हणजे बेल्टमागच्या सपाट आधारपट्टीवर, सपाट घासून काढावे. चारही कडांचे असे पैलू पाडले, की मूठ अष्टकोनी होते. या ठिकाणी थांबून दोन्ही बाजूंच्या पैलूंच्या रुंदी ताडून पाहाव्यात, कारण चूक दुरुस्त करण्याची ही शेवटची सोयीची वेळ असते. मग उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यावर अरुंद पैलू पाडावेत, आणि आता कुठे सैल बेल्टकडे वळावे. तोवर काढायचे लाकूड अर्धा मिलिमीटरच उरलेले असते, त्यामुळे लाटा उठण्याइतका वावच राहत नाही.

उजवी बाजू बारीक का होते, तेही सांगतो. सुरी उलटली, की पुढचा आणि मागचा हात आपापली जागा बदलतात. एका बाजूला तुमचा जोराचा हात बेल्टजवळ असतो आणि दुसऱ्या बाजूला दुबळा. जोर सारखा वाटला, तरी तो सारखा नसतो. मी प्रत्येक बाजूला चारच हात फिरवतो, पाते उलटतो, पुन्हा चार, आणि प्रत्येक फेरीनंतर व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजतो. ज्या बाजूला जोर जास्त पडतो, तिथे कालांतराने हात आपोआप हलका होतो. पहिल्या पाचसहा मुठींना हा मोजण्याचा वेळ घासण्याच्या वेळेपेक्षा जास्त लागला होता, आणि तो लागू द्यावा.

शिसवकाम यांचा प्रतिसाद

क्रमाबद्दल वर जे लिहिले आहे, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी काळ्या कड्याबद्दल आणि फटीबद्दल लिहितो, कारण त्या दोन्हींचे कारण माझ्या मते एकच आहे, आणि ते म्हणजे उष्णता.

तुमच्या बेल्टचा वेग काढून पाहा. १०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ३१४ मिलिमीटर. त्याच्या मिनिटाला २८८० फेऱ्या म्हणजे बेल्ट मिनिटाला सुमारे ९०५ मीटर, अर्थात सेकंदाला १५ मीटर धावतो. कडक पोलाद घासायला हा वेग चांगला आहे, पण मुठीच्या शेवटच्या कामाला तो फार आहे. आता पितळ लाकडापेक्षा शेकडो पटींनी चांगली उष्णता वाहून नेते. लाकडाला आपले बोट सहज टेकते, तेव्हाही पिनेचे डोके चटका देण्याइतके तापलेले असते, आणि ती उष्णता पिनेच्या अंगाने थेट आत, टँगला लागून असलेल्या इपॉक्सीच्या थरात जाते. सामान्य तापमानाला घट्ट होणारी बहुतेक इपॉक्सी ६०–७० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडू लागते. बाहेर दिसते ते काळे कडे, आत सुटलेली असते ती चिकट. पुढच्या टोकाशी फळी सर्वांत पातळ आणि पोलाद सर्वांत जवळ असल्यामुळे फट तिथेच आधी उघडते.

उपाय अनेक आहेत आणि ते सगळेच करावेत. पिनांची वर आलेली डोकी ग्राइंडरवर उतरवू नयेत. ती हॅक्सॉने लाकडाच्या वर अर्धा मिलिमीटर ठेवून कापावीत आणि उरलेला भाग कानशीने बसवावा. बेल्ट बोथट झाला, की तो बदलावा. बोथट बेल्ट पितळ कापत नाही, नुसता रगडतो, आणि त्याच वेळी शेजारचे मऊ लाकूड खात राहतो. म्हणूनच पिना उंचवट्यासारख्या बोटाला लागतात. सुरी बेल्टवर एका जागी कधीही थांबू देऊ नये. हातमोजे न घालता काम करावे, कारण एक तर हातमोजा बेल्टमध्ये ओढला जाऊ शकतो, आणि दुसरे म्हणजे उघड्या बोटांनाच लाकूड तापल्याचे सर्वांत आधी कळते. बोटाला कोमट लागले, की मूठ बाजूला ठेवून दुसरी हाती घ्यावी. मी नेहमी दोन सुऱ्या बरोबर घडवतो, ते याच कारणासाठी. पाते आपण पाण्यात बुडवून गार करतो, तसे मुठीचे करता येत नाही.

वेगासाठी सर्वांत चांगला मार्ग म्हणजे तीन फेजची मोटर आणि व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारिता बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणारे उपकरण. घरच्या एक फेजच्या जोडणीवर चालून तीन फेज देणारे व्हीएफडी मिळतात. वारंवारिता ५० वरून २५ हर्ट्झवर आणली, की वेग निम्मा होतो. तुमची सध्याची एकफेज मोटर मात्र व्हीएफडीवर नीट चालणार नाही. तोपर्यंत ७५ मिलिमीटरचे चालक चाक करून बसवले, तरी वेग मिनिटाला ६८० मीटरच्या आसपास येईल आणि फरक हाताला नक्की जाणवेल.

फटीला आणखी एक कारण असू शकते. शिसवाच्या लाकडात नैसर्गिक तेलकटपणा असतो. चिकटवण्याच्या आधी फळीची आतली बाजू ६० किंवा ८० नंबरच्या कागदाने खरखरीत करून ॲसिटोनने पुसावी आणि लगेच चिकटवावी. टँगमध्ये पिनांखेरीज चारपाच जादा भोके पाडली, तर इपॉक्सी त्यांतून आरपार जाऊन दोन्ही फळ्यांना एकमेकींशी बांधते. क्लॅम्प इतकाही करकचून आवळू नये, की सगळी इपॉक्सी बाहेर पिळून निघेल.

भुश्याबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. शिसवाच्या वर्गातल्या लाकडांनी काहींच्या त्वचेवर पुरळ उठते आणि श्वासालाही त्रास होतो, आणि तो प्रत्येक वेळी वाढत जाऊ शकतो. नाकाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, बदलत्या फिल्टरचा मास्क वापरावा आणि ग्राइंडर बंद केल्यावरही थोडा वेळ तो काढू नये, कारण सर्वांत बारीक धूळ सर्वांत उशिरा खाली बसते. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: पूर्ण टँगची मूठ घासताना भुश्याबरोबर पोलादाच्या ठिणग्याही उडतात. भुसा भरलेल्या व्हॅक्यूमच्या पिशवीत एक ठिणगी गेली, तर ती तासाभरानेही पेट घेऊ शकते. म्हणून पाठ आणि पोट घासताना व्हॅक्यूम काढून ठेवावा आणि बेल्टखाली पाण्याची बादली ठेवावी.

माजघर यांचा प्रतिसाद

मी सुऱ्या बनवत नाही, वापरते. लग्नकार्यांच्या स्वयंपाकाची कामे घेते, त्यामुळे हंगामात दिवसाला वीसपंचवीस किलो कांदा आणि तितकीच भाजी चिरण्याचे काम आमच्या हातांखालून जाते. मुठीत फिरणाऱ्या सुरीबद्दल कारागिरांनी अजून काही लिहिले नाही, म्हणून लिहिते.

मुठीचा आडवा छेद गोल असेल, तर ओल्या, तेलकट हाताला सुरी फिरल्याचे कळतच नाही. धार सरकून बोटावर आल्यावरच कळते. छेद लांबट, अंड्यासारखा असेल, तर न बघताही धार कुठल्या दिशेला आहे, ते तळहाताला समजते. माझ्या हाताला पाठीकडे जरा रुंद आणि पोटाकडे, जिथे बोटांची टोके वळून येतात, तिथे जरा निमुळती मूठ सर्वांत बरी वाटते. जपानी सुऱ्यांच्या काही मुठी अष्टकोनी ठेवलेल्या असतात, आणि त्या ओल्या हातातही फिरत नाहीत. तुमची सुरी अष्टकोनी अवस्थेत असतानाच एकदा हात साबणाने ओला करून धरून पाहा. कदाचित तिला फार गोल करण्याची गरजच नसेल.

दुसरे असे, की स्वयंपाकाची सुरी आम्ही नुसती मुठीने धरत नाही. अंगठा आणि पहिले बोट पात्याला चिमटीत धरतात आणि मूठ उरलेल्या तीन बोटांत असते. म्हणून सर्वांत जास्त घासण्याची जागा म्हणजे मुठीचे पुढचे टोक आणि पात्याच्या पाठीचा तिथला भाग. बहुतेक सुऱ्यांमध्ये तिथे कड तशीच चौकोनी सोडलेली असते आणि दोन तासांनी पहिल्या बोटाच्या मुळाशी घट्टा उठतो. मूठ कितीही सुंदर असली, तरी ती कड मोडलेली नसेल, तर ती सुरी आमच्याकडे डब्यातच राहते. मुठीत बोटे रुतावीत म्हणून काही जण खाचा पाडतात, त्याही करू नयेत. माझ्या बोटांची खाच माझ्या मदतनिसाच्या बोटांना बसत नाही, आणि दिवसभरात पकड दहा वेळा बदलावी लागते.

नवी धार

तिघांचेही मनापासून आभार. चौकोनी कडेबद्दल वाचल्यावर आधीच्या चारही सुऱ्या काढून पाहिल्या. प्रत्येकीची पुढची कड तशीच तीक्ष्ण आहे. आज चारही घेऊन बसतो.

एक शंका राहिली. कंबरेच्या आतल्या वळणासाठी लहान चाके हवीत, असे सगळीकडे वाचायला मिळते. माझ्याकडे २०० मिलिमीटरच्या चाकापेक्षा लहान काही नाही. त्यावर घासायला गेलो, तर बेल्टची कड लाकडात रुतून आडवी खाच पडते.

कानस

खाच पडते, कारण जाड पाठीचा बेल्ट कडेला वाकत नाही. कापडाची पाठ मऊ असलेले बेल्ट जे-फ्लेक्स या नावाने मिळतात, ते घ्यावेत. असा बेल्ट प्लेटनच्या कडेबाहेर तीनचार मिलिमीटर येईल, अशा बेताने चालवला, की तेवढी कड मऊ होऊन वळणात शिरते. तो लावण्यापूर्वी बेल्टची नवी कड रद्दी लाकडावर थोडी घासून तिची करकर मोडून घ्यावी.

तेही जमत नसेल, तर कंबर हाताने करावी. अर्धगोल कानशीने ती दहा मिनिटांत होते, आणि मग २५ मिलिमीटरच्या पाइपाला ८० नंबरचा कागद गुंडाळून कानशीचे ओरखडे काढावेत. आतल्या वळणातले लाकूड फार थोडे असते. तेवढ्यासाठी यंत्रालाच धरून बसण्याचे कारण नाही.

सुरक्षिततेची एक गोष्ट राहून गेली. मूठ पूर्ण होईपर्यंत पात्याला शेवटची धार लावू नये. पाते पुठ्ठ्यात गुंडाळून वरून चिकटपट्टी लावावी, आणि बेल्ट खाली धावत असताना पात्याचे टोक किंवा धार त्याच्याकडे वर तोंड करून कधीही नेऊ नये. बेल्टने पाते पकडले, तर ते सावरायला वेळ मिळत नाही.

शिसवकाम

कानस यांच्या एका मताला मात्र माझा विरोध आहे. ते सैल बेल्टवर शेवटपर्यंत जायला सांगतात. मी १२० नंबरनंतर ग्राइंडर बंद करतो. २२० आणि ४०० नंबरचे बेल्ट शिसवावर पाहता पाहता भरून येतात, भरलेला बेल्ट कापण्याऐवजी तापवतो, आणि एवढ्या निगुतीने सारख्या केलेल्या दोन बाजू एका चुकीच्या हाताने पुन्हा वेगळ्या होतात. त्याऐवजी पाते व्हाइसमध्ये चामड्याच्या तुकड्यांत धरावे, कापडी पाठीच्या सँडपेपरची बोटभर रुंद पट्टी दोन्ही हातांत धरून, बूट पुसावा तशी मुठीवरून ओढावी. पैलूंचे उरलेसुरले कोपरे त्यात विरून जातात. पिनांच्या आसपास मात्र पट्टी नको. तिथे कागदामागे लाकडाचा कडक ठोकळा ठेवावा, नाहीतर पिनेभोवतीचे लाकूड खोलगट होते.

२२० नंबरनंतर मूठ ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी. लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात. ते ४०० ने हलकेच काढले, की पुढे वापरात हात ओला झाला, तरी मूठ खरखरीत होत नाही. मग उकळलेल्या जवस तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. तेलाचे बोळे मात्र गोळा करून टाकू नयेत; जवस तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेटू शकते. ते पाण्यात भिजवावे किंवा उघड्यावर पसरून वाळवावे.

नवी धार

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. शिसवाचीच नवी मूठ वर सांगितलेल्या क्रमाने केली. चिकटवण्याआधी टोके एकत्र घासली, जाडीच्या रेघा आखल्या, अष्टकोनावर थांबलो आणि साबणाच्या हाताने धरून पाहिली. तळहाताच्या फुगवट्यावर दोन्ही फळ्यांत आता पाव मिलिमीटरचा फरक आहे. कंबर पाइपावरच्या कागदाने केली आणि १२० नंतर ग्राइंडर बंद ठेवला. पिनांभोवती कडे उमटले नाही, फटही नाही.

जुन्या सुरीची उजवी फळी साडेसात मिलिमीटरच आहे, म्हणून डावी तिच्या मापाला आणावी, असे ठरवतो आहे. पण काळे कडे आणि फट असलेल्या मुठीवर पुन्हा हात चालवावा, की फळ्या काढून नव्या बसवाव्यात?

कानस

नव्या बसवाव्यात. फट आहे, म्हणजे आत पाणी जाईल आणि टँग मुठीच्या आतून गंजेल. बाहेरून ते दिसणारही नाही. पिनांची डोकी ड्रिलने काढून पिना मागून ठोकून बाहेर काढाव्यात. मग पात्याला ओले फडके गुंडाळून मुठीला हीट गनची ऊब द्यावी, इपॉक्सी मऊ पडेल आणि फळ्या पातळ पटाशीने सुटतील. पात्याची पाठ हाताला सोसेल इतपतच तापू द्यावी.

नव्या फळ्यांसाठी लाकूड चांगले वाळलेलेच घ्यावे आणि शक्य असल्यास पावसाळ्यात बसवू नये. जुलैच्या दमट हवेत बसवलेली फळी मार्चएप्रिलमध्ये आक्रसते, आणि बरोबर सपाट घासलेल्या टँगची कड केसभर वर येऊन बोटाला लागू लागते. तसे झालेच, तर ४०० नंबरच्या कागदाने ठोकळ्यावर तेवढी कड मोडून पुन्हा तेलाचा एक हात द्यावा.